खिळ्यावरचा नान

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. सोलापूरला आई कडक भाकरी करते आणि वडील त्या स्टँडजवळच्या दुकानांत पोचवतात. घरात लिहिलं जातं ते एवढंच, पाकिटावरची तारीख. कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि अजूनही कुठल्याही लायब्ररीत शिरताना मागून कुणीतरी हटकेल असं वाटतं. अशा माणसानं आठवणी लिहाव्यात, त्याही परक्या मुलखातल्या एका घराबद्दल, हे जरा जास्तच आहे. शिवाय मी रागात लिहितोय. रागात लिहू नये म्हणतात. पण राग ओसरला तर मी गप्प बसेन, एवढं मी स्वतःला ओळखतो.

नाव कुणाचंच घेणार नाही. ज्यांच्यावर राग आहे त्यांचंही नाही.

पुण्यात मी इतिहास घेतला होता. आमचे सर म्हणायचे, मोडी आणि फारसी आल्याशिवाय आपल्या मुलखाच्या इतिहासात दुसऱ्याचं उष्टंच खावं लागतं. मोडीचा वर्ग भरलेला होता, फारसीच्या वर्गात बाकं रिकामी होती. म्हणून फारसी. यात कसलंही ध्येय नव्हतं. पुढे त्या फारसीमुळेच शिष्यवृत्ती मिळाली, लंडनला आलो, आणि एम.ए. झाल्यावर आमच्या प्राध्यापक बाईंनी मला त्यांच्या संशोधनात मदतनीस म्हणून घेतलं; पुढे पीएच.डी.ही त्यांच्याकडेच करायची होती. त्यांचा विषय ताजिकिस्तान. तिथली भाषा म्हणजे फारसीच, उच्चार थोडे वेगळे आणि लिपी रशियन. तिथल्या गावोगावचे पुरुष रशियात मजुरीला जातात. मागे राहिलेली माणसं वाट कशी पाहतात, त्या वाट पाहण्याचे रीतिरिवाज काय, याचा बाईंना अभ्यास करायचा होता.

बाईंबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. पहिल्या हिवाळ्यात माझ्या अंगावरचं पातळ जॅकेट बघून त्यांनी आपल्या मुलाचा जाड कोट आणून दिला. माझ्या निबंधातलं वाक्य न् वाक्य त्या पेन्सिलीनं तपासायच्या. सगळे त्यांना नावानं हाक मारायचे. मला ते जमलं नाही. मग मी हाकच मारायची नाही असं ठरवलं. काही विचारायचं असलं की त्यांच्या दारात जाऊन उभा राहायचो, त्यांनी वर बघेपर्यंत. त्या हसायच्या.

त्यांचं पहिलं लेक्चर मी विसरणार नाही. पडद्यावर एका मूर्तीचा फोटो, आणि त्यांचा एकच प्रश्न: ही इथे कशी आली? दुसऱ्यांच्या देशातून उचलून आणलेल्या वस्तूंबद्दल त्या तासभर बोलल्या. त्यांची बाजू आमची होती. हॅरोला माझ्या खोलीवर परतताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत मी जागा असूनही बसलो नव्हतो, इतका आत उसळत होतो.

ताजिकिस्तानात बाई आणि मी ज्या घरी राहिलो तिथल्या घरमालकिणीला मी खोला म्हणायचो. खोला म्हणजे मावशी. डोंगराच्या पायथ्याचं गाव, अंगणात जर्दाळूचं झाड, घरात खोला आणि नर्सिंग शिकणारी मुलगी. मुलगा रशियात, बांधकामावर. पहिल्याच संध्याकाळी आम्ही जमिनीवर दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरून बसलो, आणि खोला बोलता बोलता मेहमान म्हणाल्या, दरवाजा म्हणाल्या, हवा म्हणाल्या, खबर म्हणाल्या. मी म्हटलं, हे सगळे शब्द माझी आईसुद्धा बोलते. खोलांचा विश्वास बसेना. फोन लावून दे म्हणाल्या. मी लावला. एकीकडे खोला, दुसरीकडे आई, दोघी एकमेकींना ‘दरवाजा’ म्हणून हसत होत्या. मग आईनं मला विचारलं, “जेवायला काय देतात रं तिकडं?” मी म्हटलं, नान. आई म्हणाली, “रोज हॉटेलातलं खाऊ नगंस.”

त्या घरात भिंतीवर एक खिळा होता आणि खिळ्याला पांढरी कापडी पिशवी. खोलांनी ती एक दिवस उतरवून दाखवली. आत एक नान. आपल्या हॉटेलातल्यासारखा लांबट मऊ नाही. गोल, जाड काठाचा, मध्ये टोचून काढलेली नक्षी, आणि वाळून लाकडासारखा झालेला. काठाला एका जागी दातांनी तोडलेला घास. घरातलं माणूस लांब निघालं की त्याला ताज्या नानचा एक घास तोडायला लावतात आणि उरलेला टांगून ठेवतात. त्या माणसानं परत यायचं आणि तोच नान चहात बुडवून संपवायचा. तिकडे हवा कोरडी, त्यामुळे बुरशी धरत नाही. मुलाचे कागद अडकले होते, फोन कधीमधी यायचा. खोला म्हणाल्या, नान खिळ्यावर आहे तोवर पोरगं वाटेवर आहे असं मी धरते.

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी लंडनला निघालो तेव्हा आईनं माझ्या तळहातावर दही ठेवलं होतं, आणि मी घाईत ‘जातो’ म्हणालो म्हणून उंबऱ्यातून परत आत घेतलं होतं. ‘येतो’ म्हणेपर्यंत सोडलं नाही.

आता तो दिवस. शेवटचा होता, गाडी अंगणात उभी होती. बाईंनी तो नान पुन्हा बघायला मागितला. दोन्ही हातांत धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले, ते खोटं नव्हतं. म्हणाल्या, इतक्या वर्षांत यापेक्षा सुंदर वस्तू मी पाहिली नाही. मी त्याचं भाषांतर केलं. तोंडातून शब्द पुरते बाहेर पडायच्या आतच खोला म्हणाल्या, तुमचाच आहे, घेऊन जा.

त्या दुसरं काय म्हणणार होत्या? त्या घरात कौतुक जपून करावं लागतं. आल्या आल्या मी एका टोपीला छान म्हणालो, तर ती माझ्या डोक्यावर. छातीवर हात ठेवून, माना हलवून, नाही नाही म्हणत मोठ्या मुश्किलीनं ती परत केली. यजमानानं घ्या म्हणायचं आणि पाहुण्यानं नको म्हणायचं. पंगतीत आपण काय वेगळं करतो? वाढणारी जिलबी घेऊन पुढे आली की पानावर आडवा हात धरायचा. पहिल्याच ‘घ्या ना’ला ताट पुढे करणाऱ्याला पोरंसोरंसुद्धा हसतात. हे कुठल्या विद्यापीठात शिकावं लागत नाही.

पण विद्यापीठाची स्वतःची एक रीत आहे. कुणाकडून काही घ्यायचं तर संमती हवी, ती रेकॉर्ड झालेली हवी, आणि समोरचं माणूस दडपणाखाली नाही याची वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा खात्री करायला हवी. बाईंनी रेकॉर्डर चालू केला आणि मला म्हणाल्या, विचार, खरंच स्वखुशीनं देताय का? मी विचारलं. खोला म्हणाल्या, स्वखुशीनं. बाई म्हणाल्या, विचार, मन बदलायचं असेल तर बदलता येईल. हे ऐकून खोलांचा चेहरा जरा उतरला. आपण पाहुण्याला काही द्यायला कचरतोय असं या लोकांना वाटतंय की काय, असा. त्या आणखी जोरानं घ्याच म्हणाल्या. बाई म्हणाल्या, शेवटचं विचार, नाही म्हणालात तरी आम्हाला जराही वाईट वाटणार नाही. मी विचारलं. खोला उठल्या, डोक्याचा धुतलेला रुमाल आणून त्यात नान गुंडाळला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला.

म्हणजे बघा. आम्ही जितक्या वेळा विचारत होतो तितका नाही म्हणायचा रस्ता बंद होत होता. ज्या रीतीनं त्यांचं रक्षण व्हायचं, त्याच रीतीनं त्यांना कोपऱ्यात ढकललं.

मी तिथल्या तिथे इंग्रजीत सांगितलं. हे त्या पाहुणचार म्हणून बोलताहेत, हा त्यांच्या मुलाचा आहे, घेऊ नका. बाई शांतपणे म्हणाल्या, “त्या प्रौढ स्त्री आहेत. त्यांचा होकार खरा नाही असं तू किंवा मी ठरवणं, हा त्यांचा अपमान आहे.”

  वाक्य बरोबर आहे. माझा सगळा राग त्या वाक्यावरच आहे, की ते इतकं बरोबर आहे आणि त्याच्या आधारानं एका आईच्या भिंतीवरून ती वस्तू उचलता येते. बंदुका घेऊन आलेल्यांनी उचललेल्या मूर्तींवर त्यांनी लेक्चर दिलं होतं. आम्ही रेकॉर्डर घेऊन गेलो होतो.

गाडीत बसताना खोलांनी माझी बाही धरली. आवाज इतका हळू की मुलीलाही ऐकू जाऊ नये. “तुमच्या कॉलेजातल्या मुलांना दाखवून झाला की परत पाठवाल ना, पोरा?” मी गाडीत शिरून हे बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, नक्कीच, त्याचं बघू. मी ‘नक्कीच’ तेवढं धरून ठेवलं.

लंडनमध्ये तो नान विभागाच्या तळमजल्यावर काचेच्या पेटीत बसला. वरून दिवा, खाली सुबक अक्षरांत माहिती. उद्घाटनाला वाइन होती. मला चार शब्द बोलायला लावलं, मी रिवाज सांगितला, टाळ्या पडल्या. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं की हा सावरडो, म्हणजे तिकडचा आंबवलेल्या पिठाचा पाव, आहे का. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यानंतर रोज कामाला जाताना त्या पेटीवरून जावं लागायचं. दातांचा तो व्रण बरोबर दाराच्या दिशेला ठेवला होता, लोकांना फोटो नीट घेता यावा म्हणून.

हिवाळा संपत आला होता तेव्हा खोलांच्या मुलीचा मेसेज आला. भावाचे कागद सुटले, वसंतात येईल. आई विचारते, नान कधी पाठवता?

मी बाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. प्रदर्शन उन्हाळ्यापर्यंत आहे, म्हणाल्या, नंतर संग्रह समितीपुढे विषय ठेवावा लागेल, आता ती वस्तू विद्यापीठाच्या संग्रहात नोंदलेली आहे. मी म्हटलं, तो आला आणि खिळा रिकामा दिसला तर? त्या पुढे झुकून म्हणाल्या, तू यात फार गुंतला आहेस, ते साहजिक आहे, आणि खरं सांगू का, हे सगळं तुझ्या प्रबंधात फार सुंदर येईल.

मी बाहेर आलो. 

हॅरोला माझ्या खोलीत एक नागपूरचा मुलगा राहतो, सॉफ्टवेअरमधला, वर्क व्हिसावर. त्यानं माझं ऐकलं आणि तव्यावरचा पराठा उलटत म्हणाला, “तू काऊन मरून राहिला बे त्या नानसाठी? तुझा पुढचा व्हिसा त्याच बाईच्या सहीवर आहे ना?”  मग तो म्हणाला, “तुझ्या मायनं पाठवलेली कडक भाकर आहे ना डब्यात? घाल ती काचेत. ओरिजिनल काढ अन् पोस्ट कर. कोणाला समजते?” मला त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं. मग मी खरंच त्या भाकरीकडे बघितलं, आकारानं ती जवळजवळ तेवढीच होती. तो म्हणाला, “अबे, मी मजाक करून राहिलो. रडतो काऊन?”

मी समितीतल्या प्रत्येकाच्या खोलीत गेलो. माझं इंग्रजी रागात मोडतं, क्रियापदं सांडतात, पण गेलो. कुणी वाईट बोललं नाही. सगळे माझं म्हणणं गंभीरपणे घेत होते, सगळे मान हलवत होते, आणि प्रत्येक जण मला दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवत होता. उद्धटपणाशी भांडता येतं. या मऊपणाशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. शेवटी बाईंनीच रदबदली केली म्हणा किंवा त्यांना माझा कंटाळा आला म्हणा, समितीनं ठरवलं की नान परत करायचा. तो पेटीतून काढून तळघरात नेला आणि मला ताब्यात घ्यायला बोलावलं.

तिथे वस्तूंची निगा राखणारी एक तरुण मुलगी होती, निळे हातमोजे घातलेली. तिनं तो नान मऊ फोमच्या खोबणीत ठेवून माझ्यासमोर आणला. त्यावर एक चमक होती, पावसात भिजल्यासारखी. मी विचारलं, हे काय? तिनं सांगितलं, संग्रहात येणारी खाण्याची वस्तू आधी गोठवतात, किड्यांची अंडी मरावीत म्हणून. मग भुगा होऊ नये म्हणून एक पारदर्शक राळ आत मुरवतात. काचेत ठेवायच्या आधीच ते केलं होतं. पेटीतल्या दिव्यामुळे मला इतके दिवस कळलंच नव्हतं. मी म्हटलं, म्हणजे हा खाता येणार नाही? ती हसली, मी थट्टा करतोय असं समजून. मग म्हणाली, “आता हा शंभर वर्षं टिकेल.”

ती आपल्या कामाबद्दल अभिमानानं बोलत होती, तिचा काय दोष? पण मी ओरडलो. त्या तळघरात आवाज घुमतो. बाई धावत आल्या. आणि मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा नावानं हाक मारली. नुसत्या नावानं, त्यांना हवी होती तशी. त्या दारातच थांबल्या.

मी म्हटलं, “हा कुणीतरी खाऊन संपवायचा होता.”

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. राळेचं त्यांनाही ठाऊक नव्हतं, असं त्या म्हणाल्या, आणि मला ते खरं वाटतं. मग त्या म्हणाल्या, “त्यांना दुसरा भाजता येईल ना?”

“आणि त्याचा घास?” मी म्हटलं. “तो कुठून आणायचा?”

 मी तो नान पाठवला नाही. पाठवून काय करू? मुलानं हौसेनं चहात बुडवला असता. तो अजून त्या तळघरात आहे, फोमच्या खोबणीत, सुरक्षित. मी बाईंचं काम सोडलं. व्हिसाचे उरलेले महिने स्टेशनजवळच्या एका किराणा दुकानात काढले आणि दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या विद्यापीठात अर्ज केला. मी न मागताच बाईंनी शिफारस पाठवली, ती उत्तम होती. मला त्याचाही राग आला. आभार मात्र मानले.

खोलांच्या मुलीला मी खरं ते कळवलं. नान परत येणार नाही, आला तरी खाता येणार नाही, आमच्याकडून असं झालं. मेसेज पोचल्याची, वाचल्याची निळी खूण उमटली. उत्तर नाही. वसंत गेला, उन्हाळा गेला. मी अधूनमधून विचारायचो, भाऊ आला का, सगळे बरे आहात का. निळी खूण, उत्तर नाही.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “मग तिनं पोराला काय सांगितलं आसंल?” मी म्हटलं, काय सांगणार, खरं तेच. आई म्हणाली, “पाव्हण्यानं नेलं म्हणून कोण सांगतं रं?”

परवा हॅरो-ऑन-द-हिलच्या फलाटावर गाडीची वाट बघत होतो तेव्हा फोन वाजला. खोलांच्या मुलीचा आवाज, रेकॉर्ड केलेला, मागे भांड्यांचा आवाज. आईनं तुम्हाला कळवू नको म्हणून बजावलं होतं, म्हणून गप्प होते, ती म्हणाली. भाऊ वसंतात आला. पहिल्यांदा त्यानं खिळ्याकडे बघितलं. आई म्हणाली, उंदरांनी खाल्ला, माझंच चुकलं, पिशवीचं तोंड नीट बांधलं नाही. तो हसला, पण मग सगळा वेळ तो त्या भिंतीकडे पाठ करून बसायचा. आता या आठवड्यात तो पुन्हा रशियाला गेला. निघताना आईनं पहाटे भाजलेला नान त्याच्या तोंडापुढे धरला, एक घास तोड म्हणाली. तो म्हणाला, “कुणासाठी, उंदरांसाठी?” आणि घास न तोडताच गेला.